वासराची नाळ

गाय व्याली, कीं घरांतील सर्वांचे डोळे गायीकडे लागतात. वार पडली कीं नाहीं, कास कशी आहे, पान्हा कसा सुटतो, या वेताला दूध किती निघेल, याची चौकशी सुरू होते. वासराकडे पाहणारे पाहतात तें एवढेंच, कीं कालवड आहे कीं गोऱ्हा, आणि कपाळावर चांदा आहे कीं नाहीं. त्याच्या पोटाखालीं लोंबत असलेला बोटाएवढा जाड, ओला नाळेचा तुकडा मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. तो आपोआप वाळेल आणि आपोआप गळेल, असें सर्वजण धरून चालतात. पुष्कळ वेळां तसें होतेंहि. परंतु ज्या वेळीं तसें होत नाहीं, त्या वेळीं आठवड्याभरांत वासरूं पिणें सोडतें, त्याचे गुडघे सुजतात आणि एका सकाळीं तें उठत नाहीं. मग "दृष्ट लागली" किंवा "आयुष्यच नव्हतें" असें म्हणून घरचीं माणसें दुसऱ्या कामाला लागतात. नागपूरच्या परिसरांतील गोपालनाचा इतिहास या लहानशा तुकड्याच्या बाजूनें पाहिला, तर राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच तो बोधप्रद ठरतो.

नाळ म्हणजे काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. गर्भाशयांत असतां वासराचें सारें पोषण याच एका मार्गानें होतें. नाळेंत मुख्यतः तीन वाटा असतात. एक शीर थेट यकृताकडे जाते. दोन रोहिण्या मागें मूत्राशयाच्या दोन्ही अंगांनीं जातात. आणि त्यांच्यामधून एक बारीक नळी मूत्राशयापासून बाहेर येते. वासरूं जमिनीवर पडलें किंवा गाय उठून उभी राहिली, कीं ताण बसून नाळ तुटते. तुटतांच रोहिण्या आंखडून पोटांत ओढल्या जातात, हा निसर्गानेंच केलेला बंदोबस्त होय. परंतु शीर आणि तिच्याभोंवतालचा ओलसर पदर कांहीं काळ तसाच उघडा राहतो. जो मार्ग काल अन्न आणीत होता, तोच आज शेणामुतांतील जंतूंना यकृतापर्यंत आणि तेथून रक्तांत नेऊं शकतो. घराचें दार उघडें टाकून सर्वांनीं शेतावर निघून जावें, तसा हा प्रकार आहे. तें दार बंद होण्यास तीन-चार दिवस लागतात, आणि वासराचें भवितव्य पुष्कळ अंशीं त्याच तीन-चार दिवसांत ठरतें.

या देशांत गायीची विद्या जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत गोऽध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. वासरें, म्हातारीं गुरें आणि आजारी गुरें यांच्यावर गोपालकांनीं उपचार करावे, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. त्याच प्रकरणांत वासरांना खूण करण्याचें वय एक-दोन महिन्यांचें दिलें आहे. या दुसऱ्या नियमांत नकळत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. ज्या वासरावर खूण झाली, तें राजाच्या हिशेबांत धरलें गेलें. जें पहिल्या पंधरवड्यांतच गेलें, तें खुणेवांचून गेलें. पहिला महिना हा हिशेबाच्या पलीकडचा राहिला, आणि पुढें कित्येक शतकें तो तसाच राहिला.

नागपूर आणि वर्धा हा गवळाऊ जातीच्या गुरांचा मुलुख आहे. त्याची सीमा उत्तरेस छिंदवाडा, शिवनी आणि बालाघाट यांपर्यंत पोंचते. पांढऱ्या-करड्या रंगाचीं, अंगानें सडपातळ आणि चालीला चपळ अशीं हीं गुरें. मराठ्यांच्या फौजांना डोंगरी वाटांनीं जलद वाहतूक करावी लागे व त्यासाठीं ही जात जोपासली गेली, अशी परंपरा सांगतात. गवळी लोकांनीं ती राखली, आणि गांवोगांवचीं गुरें रानांत नेण्याचें काम गोवारी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या केलें. अडलेली गाय सोडविणें, वासराच्या नाकातोंडांतील चिकटा काढणें, श्वास घेत नसल्यास गवताच्या काडीनें नाकांत गुदगुल्या करून त्याला शिंक आणविणें, गायीला तें चाटूं देणें, या सर्व गोष्टी हाताच्या विद्येनें पुढें चालत आल्या. आजचा पशुवैद्यहि यांतील बहुतेक गोष्टी तशाच करतो.

नाळेच्या बाबतींत मात्र परंपरेचे दोन भाग पाडावे लागतात. जखमेवर हळद लावणें, कडुनिंबाच्या पाल्याचें पाणी वापरणें, जखमेंत किडे पडल्यास सीताफळाच्या पाल्याचा रस पिळणें, या उपायांत अनुभवाचें शहाणपण आहे. त्याचबरोबर रक्त थांबावें म्हणून नाळेला चुलींतील राख, माती किंवा शेण थापणें, हा उपाय मात्र उघड्या दारांतून चोराला हात धरून आंत आणण्यासारखा आहे. धनुर्वाताचे जंतु शेणांत आणि मातींतच राहतात. शेणाला आपल्या समाजांत जें पावित्र्य आहे, त्यानें या जंतूंच्या वागणुकींत कांहीं फरक पडत नाहीं. दुसरी समजूत चिकासंबंधीं आहे. वार पडल्याशिवाय वासराला कासेला लावूं नये, किंवा पहिला चीक वासराला बाधतो, असें मानून तो काढून टाकण्याची अथवा खरवसासाठीं वांटून देण्याची चाल पुष्कळ घरीं होती, आणि कोठें कोठें ती अजूनहि आढळते. या दोन चालींनीं मिळून किती वासरें नेलीं असतील, याचा हिशेब कोणीच ठेवला नाहीं.

तो हिशेब सरकारनेंहि ठेवला नाहीं, आणि त्याला कारण होतें. एकोणिसाव्या शतकांत बुळकांड्याच्या साथी एकामागून एक येत आणि गांवेंच्या गांवें बैलांवांचून उजाड होत. बैल नाहीं म्हणजे पेरणी नाहीं, आणि पेरणी नाहीं म्हणजे सारा नाहीं. त्यामुळें सरकारचें लक्ष साथींकडे गेलें, तें साहजिकच होतें. इ. स. १८७१ मध्यें गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या कमिशनचा अहवाल बाहेर आला. १८८९ सालीं पुण्यास जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली आणि १८९३ मध्यें ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. मुंबईस १८८६ मध्येंच पशुवैद्यक कॉलेज सुरू झालें होतें. हा सारा उद्योग मोठ्या साथींविरुद्धचा होता. साथीनें मेलेलीं गुरें गांवाच्या वेशीवर शेंकड्यांनीं पडत, तीं दिसत. नाळ पिकून मेलेलें वासरूं मात्र एका घरीं, एका रात्रीं, एकटें मरे. त्याच्यासाठीं कमिशन बसत नाहीं.

हें दार कोणाच्या तरी दृष्टीस पडलें तें नागपुरापासून फार दूर, आयर्लंडांत. तेथील लिमरिक भाग लोण्यासाठीं प्रसिद्ध होता, आणि तेथें वासरें पांढऱ्या हगवणीनें व फुफ्फुसांच्या विकारानें मोठ्या संख्येनें मरूं लागलीं होतीं. इ. स. १९०१ मध्यें फ्रान्समधील आल्फोर येथील पशुवैद्यक विद्यालयाचा विख्यात प्राध्यापक एडमाँ नोकार याला तेथें पाचारण करण्यांत आलें. नोकार हा पाश्चरच्या परंपरेंतला. आजारी वासरांचीं शरीरें उघडून पाहतां त्याला नाळेच्या शिरेंत दाहाचीं चिन्हें आढळलीं, आणि जंतु जन्माच्या वेळीं नाळेवाटें आंत शिरतात असें अनुमान त्यानें काढलें. त्यानें सांगितलेला उपाय औषधापेक्षां शिस्तीचाच अधिक होता. गाय विण्यापूर्वीं तिचें मागचें अंग धुवावें, खालीं स्वच्छ व कोरडें अंथरूण करावें, नाळ जंतुनाशकांत बुडविलेल्या दोऱ्यानें बांधावी आणि तिच्यावर आयोडिनासारखें औषध लावावें. पुढें १९०३ मध्यें नोकार वारला. परंतु गोठ्यांतील आयोडिनाची बाटली ही त्याच्याच काळापासून पशुपालकाच्या हातीं आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

नोकारचें अनुमान मात्र संपूर्ण सत्य नव्हतें. नाळेची नीट काळजी घेऊनहि कांहीं वासरें हगवणीनें मरतच राहिलीं. कारण हगवणीचे जंतु तोंडावाटेंहि जातात. या कोड्याचा दुसरा अर्धा भाग १९२२ मध्यें अमेरिकेंत उलगडला. न्यू जर्सी संस्थानांतील प्रिन्स्टन येथें रॉकफेलर संस्थेचे थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या दोघांनीं नवजात वासरांचे दोन गट केले. एका गटाला आईचा चीक मिळूं दिला, दुसऱ्याला तो न देतां साधें दूध दिलें. चीक मिळालेलीं वासरें जगलीं. न मिळालेल्यांपैकीं बहुतेक थोड्याच दिवसांत मेलीं. याचें कारण गायीच्या वारेच्या रचनेंत आहे. मनुष्याच्या बाळाला रोगप्रतिकारक द्रव्यें आईच्या पोटांतच बऱ्याच अंशीं मिळतात. वासराला तीं गर्भांत मिळत नाहींत. तें जन्मतें तें अक्षरशः निःशस्त्र. त्याचीं सारीं शस्त्रें चिकांत असतात, आणि तीं जशींच्या तशीं रक्तांत घेण्याची आंतड्याची शक्ति पहिल्या कांहीं तासांतच कमी होऊं लागून एका दिवसांत जवळजवळ नाहींशी होते. वार पडण्याची वाट पाहत वासराला उपाशी ठेवणारें घर नेमके तेच तास घालवीत होतें.

अशा रीतीनें दोन दारांचा शोध लागला. नाळेचें दार बंद करावयाचें, आणि तोंडाचें दार बंद होण्यापूर्वीं त्यांतून चीक आंत घालावयाचा. पुढें झालेलें सारें नवजात वासरांचें संगोपनशास्त्र म्हणजे या दोन वाक्यांचा विस्तार होय.

हें ज्ञान नागपुरास कसें व केव्हां पोंचलें? येथें शेतकीचें शिक्षण जुनें आहे. नागपूरचें शेतकी कॉलेज १९०६ मध्यें उभें राहिलें. परंतु पशुवैद्यकाचें उच्च शिक्षण देणारी संस्था येथें नव्हती. १९२६ सालीं नेमलेल्या शाही शेतकी कमिशननें १९२८ मध्यें जो अहवाल दिला, त्यांत पशुपैदास व पशुरोग यांना मोठें स्थान मिळालें. पण त्यांतील शब्द गोठ्यापर्यंत पोंचविणारा माणूस दुर्मिळच होता. नागपूरपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर असलेल्या वर्ध्यास मात्र एक निराळी चळवळ उभी राहिली. १९४१ मध्यें गांधीजींच्या प्रेरणेनें जमनालाल बजाज यांनीं गोसेवा संघाचें काम हातीं घेतलें. व्यापारांतून निवृत्त होऊन एका श्रीमंत माणसानें गोठ्यांत जाऊन बसावें, ही त्या काळीं लोकांना विस्मयाची गोष्ट वाटली. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं त्यांचें देहावसान झालें, तरी काम चालू राहिलें. गायीची पूजा करणें निराळें आणि तिची सेवा शास्त्र शिकून करणें निराळें, हा विचार त्या चळवळीनें या प्रांतांत रुजविला. बंगालचे सतीशचंद्र दासगुप्त यांचा भारतीय गायीवरील मोठा ग्रंथ १९४५ मध्यें प्रसिद्ध झाला, तो याच विचाराच्या वातावरणांतून.

स्वातंत्र्यानंतर पावलें भराभर पडलीं. १९४८ च्या जुलै महिन्यांत दोन गोष्टी घडल्या. नागपूर ज्याची राजधानी होती, त्या प्रांताचें पशुवैद्यक कॉलेज जबलपुरास सुरू झालें, आणि १६ जुलै रोजीं नागपूर आकाशवाणी केंद्राचा आवाज प्रथम ऐकूं आला. जो शेतकरी अहवाल वाचीत नाहीं, त्याच्या कानापर्यंत जाण्याचें साधन मिळालें. पुढें १९५६ मध्यें राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ मुंबई राज्यांत आला आणि जबलपूरचें कॉलेज परराज्यांत राहिलें. ही उणीव १९५८ मध्यें नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय निघाल्यानें भरून आली. २००० सालीं महाराष्ट्राच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचें मुख्यालयहि नागपुरासच आलें. ज्या प्रदेशांत एके काळीं एक पशुवैद्य मिळणें कठीण, तेथेंच आतां राज्यभरच्या पशुवैद्यांच्या शिक्षणाचें केंद्र आहे.

या संस्थांतून जें शिकविलें जातें, त्यांतील नाळेपुरता भाग इतका साधा आहे, कीं तो कोणत्याहि घरच्या बाईला किंवा गुराख्याला एका बैठकींत समजावा. विण्याची जागा कोरडी असावी. पूर्वेकडे धानाच्या मुलुखांत तणस आणि पश्चिमेकडे ज्वारीच्या मुलुखांत कडब्याचा चुरा अंथरावा. हात साबणानें धुवावे. नाळ आपोआप तुटली असल्यास ओढूं नये. ती फार लांब असल्यास पोटापासून सुमारें दोन इंचांवर उकळलेल्या दोऱ्यानें बांधून गांठीच्या खालीं स्वच्छ, उकळलेल्या कात्रीनें कापावी. मग लहान वाटींत टिंक्चर आयोडिन घेऊन उरलेला तुकडा बुडापर्यंत त्यांत बुडवावा; नुसता बोळा फिरविणें पुरेसें नाहीं. दोन-तीन दिवस हें पुन्हा करावें. पहिल्या तास-दोन तासांत चीक पाजावा आणि पहिल्या दिवसांत वासराच्या वजनाच्या सुमारें दहावा हिस्सा चीक त्याच्या पोटांत जावा. वासरूं पंचवीस किलोंचें असेल, तर अडीच किलो. वार पडण्याची वाट पाहूं नये; उलट वासरूं कासेला लागल्यानें वार पडण्यास मदतच होते.

त्यानंतर येते ती रोजची पाहणी. निरोगी वासरूं एक-दोन तासांत उभें राहतें आणि आपण होऊन सड शोधतें. त्याच्या तोंडांत बोट घातलें तर तें जोरानें चोखतें. अंगाचें उष्णतामान १०१ ते १०३ अंश फॅरनहाइटच्या दरम्यान असतें. नाळ दिवसेंदिवस आंखडत, काळी पडत, कांबीसारखी वाळत जाते. ती ओलीच राहिली, तिला वास येऊं लागला, बेंबीपाशीं हात लावतांच वासरूं पोट चोरूं लागलें, तर बेंबी पिकूं लागली असें समजावें. येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. बेंबीचा फुगवटा मऊ असेल, दाबल्यावर आंत जात असेल आणि दुखत नसेल, तर तो बहुधा अंतर्गळ असतो. तो दाखवावा, पण घाबरूं नये. फुगवटा गरम, कठीण आणि दुखरा असेल, तर मात्र त्याच दिवशीं पशुवैद्याला बोलवावें. सांधे सुजल्यावर बोलावलेला वैद्य पुष्कळ वेळां उशिरां आलेला असतो. वासरूं जगलें तरी लंगडें राहतें, आणि लंगड्या गोऱ्ह्याला नांगर नाहीं व खुरट्या कालवडीला दूध नाहीं. पावसाळ्यांत माश्यांचा सुळसुळाट असतां बेंबींत किडे पडतात, म्हणून त्या दिवसांत ही पाहणी दोनदां करावी.

नवजात जिवाची घरीं जाऊन पाहणी करण्यानें काय साधतें, याचा धडा विदर्भानेंच जगाला दिला आहे, मात्र तो मनुष्याच्या बाबतींत. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांत गांवच्याच स्त्रियांना शिकवून त्यांच्या हातून नवजात बाळांची घरोघर तपासणी करविली. बाळ पितें कीं नाहीं, अंग गार कीं गरम, श्वास जलद आहे काय, नाळ पिकली काय, असेच ते साधे प्रश्न होते. १९९९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें तेथील नवजात बालमृत्यूंचें प्रमाण ६२ टक्क्यांनीं घटलें. मोठें रुग्णालय न बांधतां, ठराविक दिवशीं ठराविक गोष्टी पाहणाऱ्या डोळ्यांनीं हें साधलें. गोठ्यालाहि अशाच डोळ्यांची गरज आहे.

ती गरज संपलेली नाहीं. आज गुरांच्या कानांत बारा आंकड्यांचा बिल्ला असतो आणि लाळ-खुरकुताची लस सरकार घरपोंच देतें. परंतु ती लस चार महिन्यांच्या पुढील जनावरांची. म्हणजे कौटिल्याच्या खुणेपासून आजच्या बिल्ल्यापर्यंत पहिला महिना पुन्हा हिशेबाबाहेरच राहिला. त्यांतहि ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याची किंमत उतरली, आणि जें किंमतीचें नाहीं त्याच्या बेंबीकडे कोण पाहणार? ज्या घरीं पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल चढते, त्याच घरीं तो बैल होऊं पाहणारें वासरूं ओल्या जमिनीवर पडलेलें असतें, हा विरोध डोळ्यांआड करण्याजोगा नाहीं.

ज्या बुळकांड्यासाठीं १८७१ चें कमिशन बसलें होतें, तो रोग २००६ सालीं भारतांतून आणि २०११ सालीं सर्व जगांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. त्यासाठीं प्रयोगशाळा लागल्या, लशी लागल्या, अनेक राष्ट्रांचें सहकार्य लागलें, आणि शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. वासराची नाळ संभाळण्यास यांतील कांहींच लागत नाहीं. एक वाटी, थोडें आयोडिन, कोरडी तणस, आईचा चीक आणि सकाळ-संध्याकाळ पोटाखालीं वांकून पाहण्याची संवय, एवढ्यानें तें काम होतें. मोठा शत्रु गेला. लहान दार मात्र अजून उघडें आहे, आणि तें लावण्याचें काम कोणत्याहि सरकारचें नसून गोठ्यांत उभ्या असलेल्या माणसाचें आहे.